गुरुवारचा आकडा: अमेरिकेतल्या बेकारी भत्त्याच्या अर्जांची पार्श्वभूमी

दर गुरुवारी संध्याकाळी वॉशिंग्टनमधले कामगार खाते एक आकडा जाहीर करते. अमेरिकेत उन्हाळी वेळ चालू असेल तर आपल्याकडे तेव्हा सहा वाजलेले असतात, हिवाळ्यात सात. आदल्या शनिवारी संपलेल्या आठवड्यात बेकारी भत्त्यासाठी किती जणांनी नव्याने अर्ज केला, एवढेच त्यात असते. डॉलर आणि सोने त्यावर हलते आणि शुक्रवारी सकाळी मुंबईच्या बाजारातही त्याचा विषय निघतो. बातमीत तो दोन ओळींत उरकतात: दावे वाढले, दावे घटले. त्या दोन ओळींमागे नव्वद वर्षांचा इतिहास आहे, आणि तो माहीत नसेल तर आकडा वाचताना हमखास चूक होते. कारण यात बेकार मोजलेले नाहीत, अर्ज मोजलेले आहेत. अर्ज करायचा हक्क कोणाला दिला आणि कोणाला नाकारला, त्यावर हा आकडा ठरतो.

सुरुवात विस्कॉन्सिन राज्यात झाली. तिथल्या विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक जॉन कॉमन्स यांचे म्हणणे साधे होते. कारखान्यात कामगाराचा हात तुटला तर भरपाई मालकाला द्यावी लागते, म्हणून मालक यंत्राला जाळी बसवतो. मग माणसाला घरी बसवण्याचा खर्चही मालकाच्याच खात्यावर टाका, म्हणजे तो दहादा विचार करून माणसे काढील. या विचाराचे विधेयक 1921 मध्ये सिनेटर हेन्री ह्यूबर यांनी राज्याच्या विधिमंडळात मांडले. ते पडले. पुढे महामंदी आली, कारखान्यांच्या दारांना कुलपे लागली, आणि जानेवारी 1932 मध्ये गव्हर्नर फिलिप ला फॉलेट यांनी देशातल्या पहिल्या बेकारी विमा कायद्यावर सही केली. त्या कायद्याखालचा पहिला धनादेश ऑगस्ट 1936 मध्ये निघाला, 15 डॉलरचा. त्यासाठी कामगाराच्या पगारातून एक सेंटही कापलेला नव्हता.

ब्रिटनमध्ये 1911 पासून अशी योजना होती, पण तिथे कामगार, मालक आणि सरकार तिघेही पैसे भरत. अमेरिकेने मालकावर भार टाकला आणि त्याच्या जोडीला एक मेख मारून ठेवली: ज्याची माणसे जास्त वेळा भत्त्यावर जातात, त्याचा कर वाढतो. बहुतेक राज्यांत आजही तसेच आहे. यामुळे कपात करताना मालक विचार करतो हे खरे, पण कामगाराचा अर्ज फेटाळला जावा यासाठीही तो तितक्याच चिकाटीने भांडतो. कॉमन्स यांच्या सुंदर कल्पनेची ही दुसरी बाजू नव्वद वर्षे कामगार भोगत आले आहेत.

देशभरचा कायदा घडवण्यात मोठा वाटा फ्रान्सिस पर्किन्स यांचा. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातल्या त्या पहिल्या स्त्री, अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कामगार मंत्री. त्यांच्यापुढे पेच असा होता की, असा विमा थेट केंद्राने चालवला तर सर्वोच्च न्यायालय तो घटनाबाह्य ठरवील. वाट न्यायमूर्ती हार्लन स्टोन यांनीच एका चहापानाच्या वेळी सुचवली, असे पर्किन्स यांनी सांगून ठेवले आहे: कर लावायचा अधिकार वापरा. म्हणून 14 ऑगस्ट 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात केंद्राने मालकांवर कर बसवला आणि राज्याने स्वतःची योजना केली तर त्या करात नव्वद टक्क्यांपर्यंत सूट ठेवली. योजना न करणाऱ्या राज्याचा पैसा फुकट वॉशिंग्टनला जाणार होता. 1937 संपेपर्यंत एकही राज्य बाहेर राहिले नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने कायदा उचलून धरला.

त्या तडजोडीमुळे अमेरिकेत आजही एक बेकारी विमा नाही. पन्नास राज्ये, राजधानीचा जिल्हा, पोर्तो रिको आणि व्हर्जिन बेटे मिळून 53 योजना आहेत, आणि प्रत्येकीचे नियम वेगळे. बहुतेक ठिकाणी भत्ता 26 आठवड्यांपर्यंत मिळतो. फ्लोरिडाने 2011 च्या कायद्याने तो बेकारीचा दर कमी असताना 12 आठवड्यांवर आणला, आणि आठवड्याला जास्तीत जास्त 275 डॉलर.

तडजोडीची आणखी एक किंमत होती. 1935 च्या कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय कामगारांपैकी बहुसंख्य याच दोन कामांत होते. मोठ्या शेतांवरचे मजूर आणि काही घरकामगार यांना दार उघडले ते 1976 च्या दुरुस्तीनंतर. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे कापूस वेचणाऱ्या बाईचे काम सुटले तरी या यंत्रणेच्या लेखी काहीच घडत नव्हते.

आकडा आठवड्याचाच का, याचे उत्तर अर्थशास्त्रात शोधायला जाऊ नये. कारखान्यात पगार आठवड्याला होत असे, म्हणून भत्ताही आठवड्याला. पहिला अर्ज मंजूर झाला की माणसाला आठवड्यामागून आठवडा तेच प्रश्न सोडवावे लागतात: या आठवड्यात काम करायला तुम्ही समर्थ आणि मोकळे होता का? काम शोधले का? कुठे शोधले? मिळालेले काम नाकारले का? पैसे किती मिळाले? एखादे उत्तर चुकले की त्या आठवड्याचा भत्ता अडकतो. पहिल्या अर्जांची बेरीज म्हणजे नवे दावे, आणि ही आठवड्याची हजेरी देणाऱ्यांची बेरीज म्हणजे चालू दावे. कार्यालयाचे काम चालावे म्हणून ठेवलेल्या नोंदवहीतून हा आकडा निघाला.

पण बाजाराला तो प्यारा झाला, कारण तो ताजा असतो. बेकारीचा दर घरोघरच्या पाहणीतून महिन्यातून एकदा येतो, हा पाच दिवसांत येतो. 1967 पासूनची सलग मालिका उपलब्ध आहे, आणि पुढची चाहूल देणाऱ्या निर्देशांकांत तिला मानाची जागा आहे. 2009 च्या वसंतात नव्या दाव्यांनी साडेसहा लाखांच्या आसपास शिखर गाठले आणि ते उतरू लागले, तेव्हा नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या रॉबर्ट गॉर्डन यांनी मंदी संपत आल्याचे सांगितले. नंतर मंदीचा शेवट जून 2009 असाच ठरला. घरोघरी मात्र तेव्हा अंधारच होता, बेकारीचा दर त्यानंतरही वाढत गेला. मंदी संपणे आणि माणसाला काम मिळणे यांत बरेच महिने जातात.

आकडा जसाच्या तसा वाचता येत नाही, हेही जुन्या वाचकांना माहीत असते. जुलैत मोटार कारखाने नव्या मॉडेलसाठी यंत्रे बदलतात, नाताळनंतर दुकानातली हंगामी माणसे सुटतात, थंडीत बांधकाम थांबते. म्हणून ऋतुमानाचा हिशेब वजा करून आकडा देतात, आणि जाणकार चार आठवड्यांची सरासरी पाहतात. ऑगस्ट 2017 च्या अखेरीस हार्वे वादळाने टेक्सास बुडाले, तेव्हा सप्टेंबरच्या सुरुवातीला देशाचा आकडा एकदम 2.98 लाखांवर गेला. वर्षानुवर्षांचा ऋतूंचा हिशेब अशा वादळापुढे चालत नाही.

मग मार्च 2020 आला. तोवरचा उच्चांक ऑक्टोबर 1982 चा होता, 6.95 लाख. 21 मार्चला संपलेल्या आठवड्याचा पहिला आकडा आला 32.83 लाख. पुढच्याच आठवड्याचा 66.48 लाख. आलेखाच्या कागदावर मागची त्रेपन्न वर्षे तळाशी सपाट रेघ होऊन गेली.

त्या आकड्याच्या पोटात काय होते ते फ्लोरिडातल्या हायलिया शहरात दिसले. राज्याचे संकेतस्थळ अर्जांच्या भाराने कोलमडले, म्हणून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात तिथल्या ग्रंथालयाबाहेर छापील अर्ज वाटले. साथीत एकमेकांपासून लांब राहा असे सांगितलेले, आणि एका कागदासाठी शेकडो माणसे मास्क लावून रांगेत उभी. न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी त्याच दिवसांत कोबोल ही जुनी संगणकभाषा जाणणारे स्वयंसेवक हवेत असे जाहीरपणे सांगितले, कारण दाव्यांची यंत्रणा अजून त्याच भाषेवर चालत होती. अर्ज दाखल न होऊ शकलेला माणूस त्या गुरुवारच्या आकड्यात नव्हता. 66 लाखांतही तो नव्हता.

गणितानेही दगा दिला. ऋतूचा गुणक गुणून लावत असत. दोन लाखांच्या काळात त्याने फरक थोडा पडे, पण साठ लाखांवर तोच गुणक लावला की लाखोंनी फुगवटा येतो. 66.48 लाखांच्या त्या आठवड्यात प्रत्यक्ष अर्ज सुमारे 58 लाख होते. ऑगस्टच्या अखेरीस खात्याने गुणाकार सोडून बेरीज-वजाबाकीची पद्धत घेतली. लगेच गंमतीची नव्हे, गोंधळाची स्थिती झाली: प्रत्यक्ष अर्ज 8.22 लाखांवरून 8.33 लाख झाले होते, आणि जाहीर आकडा मात्र 10.06 लाखांवरून 8.81 लाखांवर उतरलेला दिसला. एका आठवड्यात सव्वा लाख लोक सावरले असे समजणाऱ्यांना कोणी समजवायचे?

त्याच वर्षी एक चांगली गोष्टही घडली. 27 मार्च 2020 च्या कायद्याने टॅक्सी ॲपवर गाडी चालवणारे, फुटकळ कंत्राटे घेणारे, स्वतःचा छोटा धंदा करणारे यांना पहिल्यांदाच भत्ता मिळाला, आणि सगळ्यांना आठवड्याला 600 डॉलर जादा, ते जुलैअखेरपर्यंत. पण त्यांचे अर्ज वेगळ्या तक्त्यात राहिले, ठळक आकड्यात आले नाहीत. सप्टेंबर 2021 मध्ये ती योजना संपली आणि ही माणसे पुन्हा बाहेर गेली.

2022 च्या वसंतात नवे दावे 1968 नंतरच्या सर्वात खालच्या पातळीला गेले. 1968 च्या मानाने काम करणारी माणसे दुपटीहून जास्त होती, म्हणजे प्रमाणाने ही पातळी आणखीच खाली होती. कामगारांची टंचाई हे एक कारण. पण साथीच्या आदल्या वर्षी बेकारांपैकी भत्ता मिळणारे तीनात एकाहूनही कमी होते, हेही त्याच्या शेजारी ठेवून पाहावे लागते.

इथे आपल्या घरांचा संबंध येतो. न्यू जर्सीतले एडिसन असो की कॅलिफोर्नियातले सनीव्हेल, एच-1बी व्हिसावरच्या मराठी इंजिनिअरची नोकरी गेली तर 2017 पासूनच्या नियमाने त्याच्या हातात जास्तीत जास्त साठ दिवस असतात. त्या दिवसांत नवा मालक शोधायचा, दुसरा व्हिसा घ्यायचा, नाहीतर मुलांची शाळा सोडवून सामान बांधायचे. त्याच्या नावाने मालकाने बेकारी विम्याचा कर भरलेला असतो. पण भत्त्याची अट आहे की माणूस कुठलेही योग्य काम घ्यायला मोकळा हवा, आणि त्याचा व्हिसा एका मालकाला बांधलेला, म्हणून साधारणपणे त्याला भत्ता मिळत नाही. शेजारच्या टेबलावरचा ग्रीन कार्डधारक त्याच दिवशी निघाला तर तो अर्ज करतो, आणि पुढच्या गुरुवारच्या आकड्यात एकाने भर पडते.