जांघेतले छिद्र बुजते कसे?

अँजिओप्लास्टी झाली की नातेवाइकांचे प्रश्न ठरलेले असतात. ब्लॉकेज किती होते, स्टेंट किती टाकले, सुट्टी कधी मिळणार. लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, कुठल्याही कॅथलॅबच्या दाराशी थोडा वेळ थांबा, हेच कानावर येईल. ज्या छिद्रातून एवढे सगळे आत गेले, त्या जांघेतल्या छिद्राचे पुढे काय केले, हे फारसे कोणी विचारत नाही. मला हा प्रश्न स्टेंटच्या प्रश्नाइतकाच मोलाचा वाटतो. हृदयाचे काम टेबलावर संपते, पण छिद्राचे काम पुढचे काही दिवस रुग्णाच्या अंगात चालूच असते, आणि तोवर रुग्ण बहुधा आपल्या गावी पोहोचलेला असतो.

आधी हे छिद्र केवढे, ते पाहू. मांडीतल्या मोठ्या धमनीचा व्यास साधारण 6 ते 8 मिलिमीटर असतो. तिच्यात सुई घालायची, सुईतून बारीक तार सरकवायची, सुई काढून तारेवरून नळी आत न्यायची, ही रीत स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी 1953 साली मांडली आणि आजही तीच चालते. त्या नळीला शीथ म्हणतात. तिचे माप ‘फ्रेंच’मध्ये सांगतात, तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. नेहमीची 6 फ्रेंचची शीथ आतून 2 मिलिमीटर असते. नळीची जाडी धरली तर धमनीला पडणारे छिद्र अडीच मिलिमीटरच्या आसपास जाते.

अडीच मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटते. पण धमनीतला वरचा दाब पाऱ्याच्या 120 मिलिमीटर उंचीइतका असतो. पारा रक्तापेक्षा जवळजवळ तेरा पट जड, म्हणून हाच दाब रक्ताचा दीड मीटर उंचीचा स्तंभ तोलून धरू शकतो. एवढ्या दाबाखाली ते छिद्र उघडे राहिले तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

ठिबकच्या नळीला छिद्र पडले की ते बाहेरून बुजवावेच लागते, नळी काही आपण होऊन सांधत नाही. धमनी जिवंत आहे, ती सांधते. छिद्राच्या कडा उघड्या पडताच रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, तिथे चिकटतात, त्यांच्यावर फायब्रिनच्या तंतूंचे जाळे विणले जाते, गुठळी धरते आणि पुढे काही आठवड्यांत भिंतीत नवी ऊती तयार होते. अडचण अशी, की अँजिओप्लास्टीच्या वेळी आपण याच यंत्रणेला मुद्दाम थोपवून धरलेले असते. स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन दिलेले असते, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारखे दुसरे औषध चालू असते. वर हृदयात रक्त गोठायला नको, खाली जांघेत मात्र गोठायला हवे. छिद्र बुजवण्याची सगळी कला या ओढाताणीतून मार्ग काढण्यात आहे.

सर्वांत जुना मार्ग हाताचा. हेपॅरिनचा जोर ओसरेपर्यंत शीथ तशीच ठेवतात, मग ती काढून बोटांनी पंधरा-वीस मिनिटे दाबून धरतात. मांडीच्या हाडाचा गोल माथा नेमका त्या धमनीच्या मागे येतो, म्हणून दाब घ्यायला पाठीशी काहीतरी टणक मिळते. सुई तिरकी गेलेली असते, त्यामुळे धमनीतले छिद्र कातडीवरच्या छिद्राच्या एक-दोन सेंटिमीटर वर, पोटाच्या बाजूला असते. दाबायचे ते तिथे. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांच्या हाताखाली रक्त लगेच थांबते, आणि हे काम करणाऱ्या सिस्टर आणि तंत्रज्ञांच्या कौशल्याची आपण पुरेशी दखल घेत नाही. त्यानंतर चार ते सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहायचे. “उठू का आता, बाई?” “नाही मामा, पाय दुमडू नका.” हा संवाद प्रत्येक वॉर्डात रात्रभर चालतो. कंबरदुखी असलेल्या, लघवीची अडचण असलेल्या म्हातारीला हे सहा तास फार जड जातात.

हा वेळ वाचवण्यासाठी 1990च्या दशकात छिद्र बंद करणारी साधने वापरात येऊ लागली. काहींमध्ये कोलॅजेनचा बोळा धमनीच्या बाहेर बसतो आणि आतून एक छोटी पट्टी त्याला धरून ठेवते; दोन्ही गोष्टी साधारण तीन महिन्यांत विरघळतात. काही साधने धमनीला चक्क टाका घालतात. मला सर्वांत विचारपूर्वक घडवलेली वाटते ती क्लिप. स्टारक्लोज नावाच्या अशा क्लिपला अमेरिकेत 2005 साली परवानगी मिळाली.

ही क्लिप निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची, म्हणजे निटिनॉलची असते. हा धातू बराच वाकवला तरी मूळ आकाराकडे परत येतो. साधनात भरताना क्लिप नळीभोवती उभी, ताणलेल्या अवस्थेत असते. डॉक्टर साधनाचे टोक धमनीत नेतात, आत बारीक पंख उघडतात आणि साधन हळूच मागे ओढतात. पंख धमनीच्या आतल्या भिंतीला टेकले की हाताला अडथळा जाणवतो. भिंत कुठे आहे हे आता नेमके कळले. मग बाहेरच्या बाजूने क्लिप सरकवून सोडतात. सुटताच ती चपटी, चांदणीच्या आकाराची होते आणि तिचे दाते धमनीच्या बाहेरच्या थरांत रुतून छिद्राच्या कडा चहूबाजूंनी मध्ये ओढतात. पंख मिटतात, साधन बाहेर येते.

यात मला आवडते ते हे, की रक्त वाहते त्या पोकळीत काहीच मागे उरत नाही. क्लिप बाहेरून धरते. सांधायचे काम धमनीच करते, क्लिप फक्त कडा जवळ आणून तिला वेळ मिळवून देते. म्हणूनच हेपॅरिन अजून रक्तात असतानाही टेबलावरच शीथ काढता येते आणि रुग्ण काही तासांतच चालू शकतो. क्लिप मात्र विरघळत नाही, जन्मभर तिथेच राहते. निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगावे. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर तिथेही सांगावे. निटिनॉल लोखंडासारखे चुंबकाकडे ओढले जात नाही, पण तपासणी करणाऱ्याला माहीत असलेले बरे.

मग हात सोडून सगळीकडे ही साधनेच का वापरू नयेत? जर्मनीत 4,524 रुग्णांवर झालेल्या आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत हाताने दाबणे आणि दोन प्रकारची साधने यांची तुलना झाली. त्यात ही क्लिप नव्हती. जांघेतल्या गुंतागुंतीचे प्रमाण साधनांमध्ये 6.9 टक्के आणि हाताने दाबण्यात 7.9 टक्के निघाले. म्हणजे साधने हातापेक्षा वाईट ठरली नाहीत, पण फार सरसही ठरली नाहीत. वेळेत मात्र मोठा फरक होता: एका मिनिटाच्या आसपास विरुद्ध दहा मिनिटे. साधनांचा खरा लाभ आराम आणि वेळ हा आहे. त्यांची किंमत वेगळी, आणि क्वचित होणारा जंतुसंसर्ग किंवा धमनीत अडथळा हा त्यांचा स्वतःचा धोका. धमनी फार बारीक असेल, कडक चुना साचलेली असेल किंवा धमनीला जिथे दोन फाटे फुटतात त्याच्या खाली सुई गेली असेल तर जाणकार डॉक्टर क्लिप टाळून हातानेच दाबतात, आणि तो निर्णय योग्यच असतो.

आता बऱ्याच अँजिओप्लास्टी मनगटातून होतात. तिथली धमनी बारीक, हाडावर टेकलेली आणि हाताला रक्त पुरवणारी दुसरी धमनी शेजारी, त्यामुळे एक पट्टा बांधला की भागते. तरी पायाच्या धमन्यांचे काम, जांघेतून बसवायची हृदयाची झडप, मनगटाची धमनी न सापडलेले रुग्ण, यांच्यासाठी जांघ लागतेच. झडपेच्या वेळी छिद्र एवढे मोठे होते की आधीच टाके घालून ठेवावे लागतात.

आपल्याकडची खरी परीक्षा सुट्टीनंतर असते. बीडहून, हिंगोलीहून आलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जीपमध्ये किंवा एसटीत बसून खडबडीत रस्त्याने गावी जातो. घरी शौचाला उकिडवे बसावे लागते, आणि नेमके तेव्हाच जांघ दुमडते व पोटाचा दाब वाढतो. निदान आठवडाभर कमोडची खुर्ची वापरावी, बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, पोती उचलू नयेत, मोटारसायकलला किक मारू नये. बैलांमागे जायची घाई नको. खोकला आला तर तळहाताने जांघ दाबून धरावी. मांडीवर काळे-निळे पसरले तर बहुतेक वेळा ते आपोआप ओसरते.

काही खुणा मात्र थांबून चालणाऱ्या नाहीत. ठोक्यागणिक उडणारी गाठ जांघेत आली तर धमनीच्या बाहेर रक्ताची पिशवी तयार झालेली असू शकते. डॉपलर सोनोग्राफीत ती लगेच दिसते आणि बऱ्याचदा सुईने थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारे औषध देऊन बंद करता येते. पाय थंड पडला, पांढरा झाला, बधिर झाला तर धमनी तुंबलेली असू शकते. सर्वांत फसवे रक्तस्राव पोटाच्या मागे होणारे: बाहेर थेंबभरही दिसत नाही, पण कंबर किंवा कूस दुखते, घाम सुटतो, चक्कर येते. याला “उन्हाचा त्रास” किंवा “गॅस” समजून वेळ घालवू नये. रक्त बाहेर येऊ लागले तर रुग्णाला आडवे करावे, पाय सरळ ठेवावा, कातडीवरच्या छिद्राच्या किंचित वर बोटांनी घट्ट दाबून धरावे आणि 108ला फोन लावावा. कापड बघायला हात सोडू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घाबरून स्वतःच बंद करू नयेत. त्या बंद झाल्या तर स्टेंट बंद पडण्याचा धोका मोठा आहे.

सुट्टीच्या कागदावर हेही लिहून मागावे: छिद्र हाताने बुजवले, टाक्याने की साधनाने, आणि साधन असेल तर कोणते. बहुतेक साधनांसोबत एक छोटे कार्ड येते. कोलॅजेनचा बोळा असेल तर त्याच जागी 90 दिवस पुन्हा सुई घालणे टाळतात. क्लिप असेल तर पुढच्या डॉक्टरला एक्स-रेवर चांदणीसारखी सावली दिसेल, आणि ती काय आहे हे त्याला कार्डावरून कळेल. हे कार्ड आधार कार्डासोबत प्लास्टिकच्या पाकिटात ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी अंबाजोगाईला गेलात काय किंवा संभाजीनगरला, ते हाताशी असेल.