आधी अक्षर, मग अर्थ: ‘लेखनक्रिया’ समासाची पार्श्वभूमी

दासबोधातल्या 19व्या दशकाचे (दहा समासांच्या, म्हणजे प्रकरणांच्या, भागाचे) नाव ‘शिकवण’. त्याचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, आणि काय लिहावे याबद्दल त्यात जवळजवळ काहीच नाही. अक्षर कसे काढावे, ओळी कशा आखाव्या, कागद आणि बोरू कोणते घ्यावेत, पोथी कशात बांधावी, एवढेच रामदास (1608–1682) सांगतात. अर्थाकडे ते दुसऱ्या समासात वळतात. आजच्या लिहिणाऱ्याला हा क्रम उलटा वाटेल. पण छापखाना नसताना ग्रंथ टिकायचा तो नकलेवर नक्कल होऊनच. एकाचे ढिसाळ अक्षर दुसऱ्याच्या नकलेत चूक म्हणून उतरायचे आणि तिसऱ्याच्या नकलेत पाठ म्हणून रुजायचे. म्हणूनच शोधूनही चूक सापडू नये आणि वाचताना लेखकाला विचारायची वेळ येऊ नये, ही त्यांची अपेक्षा आहे.

समास बाळबोध (देवनागरी) अक्षराची मागणी करून सुरू होतो, त्यालाही कारण आहे. रोजची पत्रे आणि हिशेब मोडीत चालत. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि तिला अक्षरे टांगत जातात. हात फारसा उचलावा लागत नाही, म्हणून लिहिणे झपाट्याने होते. मात्र इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद मोडी सहसा दाखवत नाही. पत्रात ते खपते, कारण दोघांनाही विषय ठाऊक असतो. पन्नास वर्षांनी पोथी उघडणाऱ्याला तो आधार नसतो.

ओळींविषयीचा नियम सगळ्यात बारकाईचा आहे. देवनागरीत खुणा वरही येतात आणि खालीही. वर मात्रा, वेलांट्या आणि रफार (रामदासांच्या शब्दांत ‘आर्कुली’), तर खाली उकार. ओळी जवळ आल्या की वरचा उकार खालच्या मात्रेत घुसतो आणि शब्द बदलतो. म्हणून पान आधी शिशाने आखून घ्यायचे आणि त्या आखणीवर नेमके लिहायचे. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, असेही ते म्हणतात. हे वाटते तितके सोपे नाही. बोरूचे टोक लिहिता लिहिता झिजते आणि रेघ जाड होत जाते. दौतीतले पाणी उडून शाई दाटते. टोक बोथट झाल्यावर नव्हे, होऊ लागतानाच पुन्हा तासावे लागते, आणि शाईत पाणी घालायचे ते थेंबाथेंबाने.

बोरू घट्ट, बारीक आणि सरळ निवडावा, कारण पोकळ, मऊ बोरूचे टोक लवकर पसरते. एका बाजूने उतरता काप द्यायचा, आतला भुसा खरवडायचा, टोकाला मधोमध बारीक चीर पाडायची आणि शेवटी टोक तिरपे छाटायचे. चीर नसली तर शाई एकदम ओघळते किंवा उतरतच नाही. इंग्रजी वळणासाठी छाटलेल्या टोकाने देवनागरी लिहिली तर जाड आणि बारीक रेघांच्या जागा बदलतात.

शाईसाठी गुजरात-राजस्थानातल्या जैन लेखनिकांचे एक प्रमाण प्रसिद्ध आहे: जेवढे काजळ तेवढा हिराबोळ, त्याच्या दुप्पट डिंक, आणि खलताना माक्याचा रस. डिंक कमी पडला तर वाळलेले अक्षर बोटाला लागते, जास्त झाला तर तडकून पोपडे सुटतात. हिराकसाची (लोहक्षाराची) शाई वेगळी. ती कागदात मुरते, पण काही काळाने कागदच खाऊन टाकते. जुन्या पानांवर अक्षरांच्या जागी भोके दिसतात ती बऱ्याचदा तिच्यामुळे.

हातकागद दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला होत असे. कोऱ्या कागदावर शाई फुटते, म्हणून त्याला खळ लावून, वाळवून, घोट्याने (घासायच्या दगडाने) घोटून गुळगुळीत करायचा. खळ पिठाची असल्याने तिला कसर लागते, आणि हीच या कामातली खरी अडचण. चूक झाली तर त्यावर पिवळा हरताळ (एक खनिज) फासून वर नवे अक्षर काढत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथलाच. हरताळ विषारी, त्यामुळे किडीलाही आवर बसे.

भोवती मोकळी जागा सोडावी हे आज शोभेसाठी वाटते. रामदास कारण स्पष्ट देतात: ‘कागद झडतांहि झडावें । नलगेचि अक्षर’. कडा झडणारच, मग झडायचे ते कोरे झडू दे. तरुणपणी फार बारीक लिहिलेले म्हातारपणी कामाला येत नाही, म्हणून मध्यम अक्षर काढावे, हा सल्लाही तसाच पुढचे बघणारा आहे. समासाच्या शेवटाकडे वेष्टने, मेणकापड, पेट्या आणि कुलपे येतात. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस भेटणारा संस्कृत श्लोकही तेच मागतो: मला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून वाचवा, मूर्खाच्या हाती देऊ नका.

छपाई आली म्हणून हा हात लगेच थांबला नाही. गणपत कृष्णाजींनी 1831 साली मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापले. शिळाछापात उमटते ते लेखनिकाने हाताने काढलेले अक्षरच. वळण तेच, मोकळ्या कडा त्याच, फक्त एका हाताचे लिहिणे आता शेकडो घरांत जाऊ लागले. 1869 साली सुरू झालेल्या निर्णयसागर छापखान्याच्या सुबक खिळ्यांनाही (धातूच्या अक्षरठशांनाही) नमुना होता तो याच बोरूच्या वळणाचा.