कपाळावरची आठी: बेल्स पाल्सी आणि पक्षाघात यांतील वाकडे तोंड

सकाळी दात घासून चूळ भरताना पाणी तोंडाच्या एका कोपऱ्यातून आपोआप ओघळते, आरशात पाहावे तर ओठ एका बाजूला खेचले गेलेले असतात आणि एक डोळा काही केल्या मिटत नाही. दुसऱ्या एखाद्या घरात साठीच्या गृहस्थांच्या हातून चहाचा कप निसटतो, जीभ जड होते आणि तोंडाचा एक कोपरा किंचित खाली उतरलेला दिसतो. दोन्ही घरांतून नातेवाइकांना जाणारा निरोप मात्र एकच असतो: ‘तोंड वाकडं झालंय, लकवा मारला.’ कोणी ‘वारं गेलं’ म्हणते, पण या शब्दातही दोन्ही प्रकार सामावून जातात. पहिल्या घरातील दुखणे बहुधा बेल्स पाल्सीचे, म्हणजे चेहऱ्याच्या एका चेतेचे (मज्जातंतूचे) असते. दुसऱ्या घरातील दुखणे पक्षाघाताचे, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीचे असते.

नावांचा हा गोंधळ आजचा नाही. आयुर्वेदाने अर्दित (तोंड वाकडे होणे) आणि पक्षवध (अर्धे अंग लुळे पडणे) अशी दोन नावे ठेवली खरी, पण चरकसंहितेतील अर्दिताच्या वर्णनात अर्धे शरीर किंवा केवळ अर्धा चेहरा असे दोन्ही पर्याय येतात, तर सुश्रुताच्या परंपरेत अर्दित चेहऱ्यापुरते मर्यादित आहे. युरोपात जर्मन वैद्य निकोलाउस फ्रीडराइख यांनी १७९८ साली चेहऱ्यापुरत्या अर्धांगाचे वर्णन केले. मात्र आजाराला नाव मिळाले ते स्कॉटिश शल्यचिकित्सक चार्ल्स बेल यांचे, ज्यांनी १८२१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चेहऱ्याच्या चेतांविषयीचा आपला निबंध मांडला.

फरक कळण्यासाठी सातव्या कर्परचेतेचा (कर्परचेता म्हणजे थेट मेंदूतून निघणारी चेता), म्हणजे डॉक्टर जिला फेशियल नर्व्ह म्हणतात तिचा, मार्ग समजून घ्यावा लागतो. चेहऱ्याची हालचाल दोन टप्प्यांत घडते. पहिल्या टप्प्यात प्रमस्तिष्काच्या, म्हणजे मोठ्या मेंदूच्या, पृष्ठभागावरील हालचालीच्या पट्ट्यातून निघालेले तंतू खाली उतरून मेंदूच्या खोडातील पॉन्स या भागात येतात. तेथे सातव्या चेतेचे केंद्रक, म्हणजे तिच्या पेशींचा पुंजका आहे. दुसऱ्या टप्प्यात या केंद्रकातून निघालेली चेता कानामागच्या हाडातून वाट काढत चेहऱ्याच्या स्नायूंपर्यंत पोचते. बेल्स पाल्सीत बिघाड दुसऱ्या टप्प्यात असतो आणि पक्षाघातात तो बहुधा पहिल्या टप्प्यात असतो.

निदानाची सगळी गंमत त्या केंद्रकाच्या रचनेत आहे. केंद्रकाचा जो भाग कपाळ आणि भुवई हलवतो त्याला मेंदूच्या उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही अर्धगोलांकडून आदेश मिळतात. जो भाग गाल आणि ओठ हलवतो तो मात्र मुख्यतः विरुद्ध बाजूच्या एकाच अर्धगोलावर विसंबून असतो. ग्रामीण भागातल्या वाचकाला हे विजेच्या उदाहरणाने चटकन पटेल. कपाळाची वस्ती दोन फीडरांना जोडलेली आहे, ओठांची वस्ती एकाच फीडरवर आहे, आणि दोन्ही वस्त्यांना शेवटी वीज पोचते ती रोहित्रापासून निघालेल्या एकाच तारेने. वरचा एक फीडर बंद पडला तर ओठांकडे अंधार होतो, पण कपाळाचे दिवे दुसऱ्या फीडरवर चालू राहतात. खालची ती एकच तार तुटली तर मात्र दोन्हीकडे अंधार होतो.

म्हणून रुग्णाला भुवया उंच करून छताकडे पाहायला सांगणे ही अगदी साधी तपासणी इतके काही सांगून जाते. कपाळाच्या दोन्ही बाजूंना आठ्या पडत असतील आणि फक्त तोंडाचा कोपरा पडलेला असेल, तर दोष मेंदूत आहे असे समजून धावपळ करावी. एका बाजूचे कपाळ सपाट, गुळगुळीत राहिले, त्याच बाजूचा डोळा मिटेना आणि ओठही हलेनात, तर दोष चेतेत असण्याची शक्यता मोठी असते. तरुण माणसाच्या कपाळावर मुळातच आठ्या कमी उमटतात, तेव्हा आठीऐवजी भुवई वर जाते की नाही हे पाहावे.

यातून एक उलटे वाटणारे सत्य निघते आणि माझ्या मते सामान्य माणसाला नेमके तेच माहीत नसते. ज्या चेहऱ्याकडे पाहून घरचे घाबरतात, उघडा राहिलेला डोळा, लोंबणारा गाल, पार एका कानाकडे खेचलेले ओठ, तो बहुधा कमी धोक्याचा असतो. आणि ‘थोडंसंच वाकडं आहे, झोपल्यावर बरं वाटेल’ असे म्हणून ज्याकडे दुर्लक्ष होते, तो चेहरा मेंदूतील आपत्तीची खूण असू शकतो.

डाव्या-उजव्याचाही एक घोळ येथे हमखास होतो. तोंड उजवीकडे वाकडे झाले, असे घरचे सांगतात तेव्हा लुळी पडलेली बाजू डावी असते, कारण निरोगी बाजूचे स्नायू ओठांना आपल्याकडे ओढून घेतात. बेल्स पाल्सीत चेतेतील दोषही त्याच डाव्या बाजूला असतो. पक्षाघातात मात्र तंतू खाली येताना बाजू बदलत असल्यामुळे डावा चेहरा पडला तर दोष मेंदूच्या उजव्या अर्धगोलात असतो. पुष्कळदा बेल्स पाल्सीचा रुग्ण आपल्या चांगल्या बाजूकडेच बोट दाखवतो, कारण त्याला तेथेच ओढ जाणवते. तसेच लुळी बाजू ‘बधिर झाली’ असे तो म्हणतो, पण त्या गालाला कापसाचा बोळा लावला तर स्पर्श कळतो, कारण चेहऱ्याचा स्पर्श पाचव्या कर्परचेतेकडे असतो आणि ती येथे शाबूत असते.

आता सातव्या चेतेचा खालचा प्रवास जवळून पाहू. पॉन्समधून बाहेर पडल्यावर ती ऐकू येण्याच्या आठव्या चेतेसोबत कानाच्या आतील हाडात शिरते आणि तेथून सुमारे तीन सेंटिमीटर लांबीच्या, नागमोडी हाडी बोगद्यातून जाते. हाडाच्या आतून तिचा हा प्रवास बराच लांब आहे, आणि या बोगद्याचा सर्वांत अरुंद भाग एक मिलिमीटरपेक्षाही कमी रुंदीचा आहे. चेतेला सूज आली तर पसरायला जागाच नसते. ती हाडाच्या भिंतीवर दाबली जाते आणि तिचे काम थांबते. या सुजेमागे अंगात सुप्त राहिलेला हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू जागा होत असावा, असे अनेक तज्ज्ञांना वाटते. एसटीच्या खिडकीतून लागलेल्या गार वाऱ्याला आपल्याकडे जो दोष दिला जातो, त्याला असा आधार नाही.

वाटेत ही चेता तीन फांद्या देते. एक अश्रुग्रंथीकडे जाते. दुसरी मध्यकर्णातील स्टेपिडियस या इवल्याशा स्नायूकडे जाते, जो मोठा आवाज सौम्य करतो. तिसरी जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव घेऊन येते. त्यामुळे बेल्स पाल्सीच्या रुग्णाला कधी कानामागे दुखते, कधी आमटी अळणी लागते आणि कधी स्वयंपाकघरातील कुकरची शिट्टी त्या बाजूच्या कानात नेहमीपेक्षा कर्कश वाजते. यांतील एखादी तक्रार असेल तर दोष हाडातल्या चेतेत असल्याची चांगली साक्ष मिळते, कारण मेंदूच्या पृष्ठभागावरील पक्षाघातात कुकरची शिट्टी कर्कश होत नाही.

पक्षाघाताच्या साक्षी वेगळ्या असतात आणि त्या रक्तवाहिन्यांच्या नकाशावरून समजतात. मानेतील कॅरोटिड रोहिणी (धमनी) कवटीत शिरल्यावर तिची सर्वांत मोठी शाखा, मधली प्रमस्तिष्क रोहिणी, मेंदूच्या बाहेरील बाजूवर पसरते. हालचालीच्या पट्ट्यात चेहऱ्याचा भाग आणि हाताचा भाग अगदी शेजारी आहेत, इतके की अंगठ्याची हद्द संपते तेथे चेहऱ्याची सुरू होते, आणि या दोन्हींना रक्त पुरवते ती हीच रोहिणी. डाव्या अर्धगोलात तिच्याच क्षेत्रात बहुतेक माणसांची भाषेची केंद्रेही येतात. ही रोहिणी गुठळीने बंद झाली की तोंडाच्या कोपऱ्याबरोबर हातही गळतो आणि बोलणे अडखळते किंवा असंबद्ध होते. पायाचा भाग अर्धगोलाच्या आतल्या बाजूवर, पुढच्या प्रमस्तिष्क रोहिणीच्या क्षेत्रात असल्यामुळे पाय हातापेक्षा कमी दुबळा असू शकतो. याच मधल्या रोहिणीच्या केसासारख्या बारीक फांद्या मेंदूच्या खोल भागात जातात. तेथे चेहरा, हात आणि पाय यांचे तंतू एका अरुंद पट्टीत दाटीने उतरतात, म्हणून तेथील छोटीशी गुठळीसुद्धा अर्धे अंग लुळे करते. दीर्घकाळच्या रक्तदाबाने याच बारीक फांद्या फुटूही शकतात.

सुरुवातीचा वेगही निराळा असतो. पक्षाघात क्षणात किंवा काही मिनिटांत येतो. घड्याळ पाहून वेळ सांगता येते. बेल्स पाल्सी काही तासांत वाढत जाते आणि साधारण तीन दिवसांच्या आत पराकोटीला पोचते. रात्री झोपताना ठीक असलेला माणूस सकाळी वाकड्या तोंडाने उठला तर हा निकष मात्र निरुपयोगी ठरतो, कारण झोपेत काय आणि किती वेळात घडले हे कोणालाच ठाऊक नसते.

या फरकावर उपचारांची सारी भिस्त आहे. गुठळीने झालेल्या पक्षाघातात ती विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, मोठी रोहिणी बंद असेल तर तारेने गुठळी बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येते, आणि त्याआधी रक्तस्राव झालेला नाही ना हे सीटी स्कॅनने पाहणे अनिवार्य असते. म्हणून अशा वेळी ओळखीच्या दवाखान्यात थांबत न बसता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. बेल्स पाल्सीत तासांची नव्हे, दिवसांची गणती असते: प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड पहिल्या ७२ तासांत सुरू केले तर फायदा होतो. स्कॉटलंडमधील, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नऊ महिन्यांनंतर हे औषध घेतलेल्यांपैकी सुमारे ९४ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के रुग्ण पूर्ण बरे झालेले आढळले. मधुमेह्यांची साखर या औषधाने चढते, तेव्हा ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. तोपर्यंत खरी काळजी डोळ्याची घ्यावी लागते. पापणी मिटत नसल्यामुळे बुबुळाचा पृष्ठभाग कोरडा पडून जखम होऊ नये म्हणून दिवसा थेंब आणि गॉगल, रात्री मलम आणि पापणीवर चिकटपट्टी लागते.

वरील आकड्यांत आपल्याकडच्या गावठी उपचारांच्या कीर्तीचे रहस्यही दडलेले आहे. औषध न घेताही बेल्स पाल्सीचे बहुसंख्य रुग्ण बरे होतात. म्हणजे मंतरलेला दोरा बांधा, लेप लावा, नाहीतर पारव्याचे रक्त चोळा, दहांतील सात-आठ जणांचा चेहरा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सरळ होणारच, आणि श्रेय त्या उपचाराला मिळणारच. मग त्याच ‘लकव्याच्या औषधा’साठी पक्षाघाताचा रुग्णही त्याच गावी नेला जातो आणि मेंदूच्या पेशी मरत असताना साडेचार तास प्रवासात निघून जातात. खोट्या औषधापेक्षा ‘लकवा’ हा एकच शब्द मला अधिक घातक वाटतो.

कपाळाची खूण उत्तम असली तरी ती आंधळेपणाने वापरू नये. पॉन्समध्येच, केंद्रकाला लागून गुठळी झाली तर पक्षाघात असूनही कपाळ सपाट पडते. सातव्या चेतेचे तंतू तेथे सहाव्या चेतेच्या केंद्रकाभोवती वळसा घेतात, त्यामुळे अशा रुग्णाचा डोळा बाहेरच्या बाजूला वळेनासा होतो, एक वस्तू दोन दिसते किंवा विरुद्ध बाजूचे हातपाय दुबळे होतात. यांपैकी काहीही दिसले तर कपाळ काहीही सांगो, तो पक्षाघातच समजावा. कानात किंवा कानाच्या पाळीवर पुरळाचे फोड असतील तर तो नागिणीच्या विषाणूचा प्रकार असतो, ज्याचे वर्णन जेम्स रॅमसे हंट यांनी १९०७ साली केले. आठवडे-महिने हळूहळू वाढत जाणारा वाकडेपणा गालातील लाळग्रंथीच्या गाठीकडे बोट दाखवतो, आणि आपल्या भागात कुष्ठरोगही या चेतेच्या मोजक्या फांद्या पकडून फक्त डोळा मिटणे बंद करू शकतो.

बरे होण्याच्या वाटाही वेगळ्या आहेत. पक्षाघातात रुग्णाला ‘हसून दाखवा’ म्हटले तर ओठ वाकडेच राहतात, पण नातवाच्या एखाद्या बोलण्यावर तोच चेहरा कधी कधी दोन्ही बाजूंनी फुलतो, कारण मनापासून आलेल्या हसण्याचे तंतू मेंदूत वेगळ्या वाटेने उतरतात. बेल्स पाल्सीत हे घडत नाही. शेवटची तारच बंद असल्यामुळे खोटे हसू आणि खरे हसू दोन्ही सारखेच अर्धे राहते. तिथे जे तंतू पार तुटलेले असतात ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतात आणि काही वेळा चुकीच्या ठिकाणी जाऊन जोडले जातात. अशा माणसाचा हसताना एक डोळा आपोआप मिटतो, आणि लाळेकडे जायचे तंतू अश्रुग्रंथीकडे गेले असतील तर आवडीच्या भाजीचा पहिला घास घेताच त्या एकाच डोळ्यातून पाणी वाहू लागते.