ज्या बेटांवर कोराडी नाही

नागपुरात मे महिन्याच्या भरदुपारी लाइन गेली, की आमच्या शेजारच्या काकू हमखास विचारतात, "स्लॅबवर एवढं ऊन तापलंय, सोलर बसवलंय, मग कूलर का बंद पडला?" प्रश्न अगदी रास्त आहे. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या आपल्याला बेटांवरच्या विजेचं दुखणं याच प्रश्नातून कळू शकतं.

पॅनलमधून डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज निघते. तिची घरात लागणारी एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज करणारा इन्व्हर्टर बाहेरच्या तारांमधली लहर पाहून आपली लहर तिच्याशी जुळवतो. सेकंदाला ५० आवर्तनं, हा तिचा ठेका. तो धरतात नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेड्यासारख्या वीजकेंद्रांतली जनित्रं. कोराडीच्या ६६० मेगावॉटच्या संचातला रोटर मिनिटाला ३००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५०. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर वीजवाहिनीने दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, उरलेल्या देशाशी जोडलं, तेव्हापासून सगळ्या राष्ट्रीय ग्रिडचा ठेका एकच आहे. लाइन गेली, की स्लॅबवरच्या इन्व्हर्टरला तो ऐकू येत नाही. शिवाय तो वीज सोडत राहिला, तर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. म्हणून तो आपणहून थांबतो.

या ग्रिडचं आणखी एक बळ आहे, ते म्हणजे फिरणाऱ्या लोखंडाचं वजन. रसवंतीच्या चरकात जाड ऊस आला तरी जड चाक एकदम अडत नाही, साठलेल्या वेगावर ते पुढे रेटतं. विजेची मागणी अचानक वाढली, की सगळे मिळून हजारो टन भरणारे रोटर हेच करतात. बेटावर दोन-चार डिझेल जनित्रं असतात आणि चाक हलकं असतं. तिथे सौरऊर्जा वाढवली आणि एक ढग सरकत आला, तर मिनिटाभरात निम्म्याहून जास्त वीज कमी होऊ शकते. ठेका ढळतो आणि बेटभर अंधार होतो.

बॅटरी रात्रीसाठी असते, असं आपण धरून चालतो. बेटावर तिचं पहिलं काम सेकंदांचं आहे. ढग येताच काही मिलिसेकंदांत ती वीज ओतते. नव्या प्रकारचे इन्व्हर्टर तर दुसऱ्याचा ठेका ऐकत बसत नाहीत, बॅटरीच्या जोरावर स्वतःच तो धरतात. मला यातली सर्वांत मोलाची प्रगती हीच वाटते, कारण त्यामुळे डिझेल जनित्र पूर्ण बंद ठेवता येतं. अमेरिकन सामोआमधल्या ताउ बेटावर २०१६ मध्ये सुमारे १.४ मेगावॉटची पॅनलं आणि ६ मेगावॉट-तासांच्या, म्हणजे ६००० युनिटांच्या बॅटऱ्या बसल्या.

आपल्या दक्षिण अंदमानातल्या २० मेगावॉटच्या सौर प्रकल्पाला जोडलेली बॅटरी ८ मेगावॉट-तासांची आहे. भागाकार करून पाहा: पूर्ण क्षमतेने ती जेमतेम २४ मिनिटं पुरेल. म्हणजे तिच्याकडून ढगांना तोंड देण्याची अपेक्षा आहे, रात्र काढण्याची नाही.

रात्रीसाठी पाणी कामी येतं. स्पेनच्या एल हिएरो बेटावर २०१४ पासून पवनचक्क्यांची जादा वीज पाणी वर चढवते. वरचा तलाव एका निद्रिस्त ज्वालामुखीच्या मुखात आहे. वारा पडला, की तेच पाणी टर्बाइनवर सोडतात. आपल्या घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पात हेच तत्त्व वापरलं आहे. पण उंची हवी! आपल्या स्लॅबवरची हजार लिटरची टाकी दहा मीटर उंचावर असेल, तर तिच्यात साठलेल्या ऊर्जेवर ९ वॉटचा एक बल्ब तीन तास जळेल, बस. एल हिएरोचं पाणी सुमारे साडेसहाशे मीटर खाली येतं, तेव्हा तेवढ्याच हजार लिटरांत पावणेदोन युनिट भरतात, गळती सोडून. २०१९ च्या उन्हाळ्यात त्या बेटाने सलग २४ दिवस डिझेलविना काढले. तरी जनित्रं तिथे अजून उभी आहेतच.

लक्षद्वीपला ही वाट नाही. ती प्रवाळबेटं समुद्रापासून जेमतेम काही मीटर वर आहेत, डोंगर नाही आणि पॅनलं मांडायला जागाही तोकडी. २०२४ च्या जानेवारीत कवरत्तीला बॅटरीसह सौर प्रकल्प सुरू झाला, त्याचा मला मनापासून आनंद आहे. खरी कसोटी पावसाळ्याची. तेव्हा आभाळ दिवसेंदिवस भरलेलं असतं आणि डिझेल आणणाऱ्या बोटींपुढचा समुद्रही त्याच महिन्यांत खवळलेला असतो.