व्हिज्युअल नॉव्हेलमधील मनोविकारांचे चित्रण

व्हिज्युअल नॉव्हेल हा मुख्यतः जपानमध्ये वाढलेला संगणकीय खेळप्रकार असून स्थिर चित्रे, संगीत आणि पडद्याच्या तळाशी उमटणारा मजकूर यांतून त्याची कथा पुढे सरकते. त्यातील भयकथांत नैराश्य, भ्रम व संशयविकार वारंवार येतात, कारण सारे काही निवेदकाच्याच शब्दांत वाचायचे असल्याने त्याचे भान सुटले की वाचकापाशी दुसरा आधार उरत नाही. ‘साया नो उता’ (२००३) मध्ये मेंदूवर शस्त्रक्रिया झालेल्या वैद्यकीय विद्यार्थ्याला अवघे जग सडक्या मांसाचे दिसते, ते याच युक्तीमुळे परिणामकारक ठरते.

‘हिगुराशी नो नाकु कोरो नी’ (२००२ पासून) ही मालिका ग्रामीण विदर्भातील वाचकाला परकी वाटू नये. हिनामिझावा या खेड्यात १९८३ च्या जूनमध्ये घडणाऱ्या मृत्यूंचे खापर प्रथम ओयाशिरो-सामा या दैवताच्या कोपावर फुटते आणि पुढे त्यामागे एक (काल्पनिक) आजार असल्याचे उघड होते. विदर्भातही घरातल्या माणसाचे वागणे बदलले की ‘बाहेरचं लागलं’ म्हणून आधी मांत्रिक गाठायचा आणि नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची वाट नंतर धरायची, असा क्रम अनेक घरांत दिसतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे मात्र २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरले आहे. हिगुराशीतील आजारी माणूस बहुधा हिंसकच होतो. म्हणजे एक अंधश्रद्धा काढून तिच्या जागी दुसरी बसवली, असेच म्हणावे लागते.

‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ (२०१७) हा अमेरिकी खेळ सर्वाधिक चर्चिला गेला. सदा हसतमुख असलेली सायोरी आपल्याला अंथरुणातून उठण्याचेही बळ नसते, असे सांगते. त्यानंतर खेळाडूने दोनपैकी कोणतेही उत्तर निवडले तरी तिचा मृत्यू टळत नाही. ‘तेव्हा बोललो असतो तर’ ही मागे राहिलेल्यांची टोचणी इतक्या नेमकेपणाने क्वचितच मांडली गेली असेल. पुढे मात्र मोनिका या पात्राने खेळातील सायोरीच्या संगणकीय फाइलमध्ये ढवळाढवळ करून तिचे नैराश्य वाढवल्याचे कळते आणि आजाराला एक गुन्हेगार मिळतो.

असा एकच दोषी शोधण्याची सवय विदर्भाला ठाऊक आहे. शेतकरी आत्महत्येचे प्रकरण सरकारी मदतीसाठी पात्र की अपात्र, हे ठरवताना थकीत कर्ज आणि वसुलीचा तगादा पाहिला जातो. कर्ज खरेच असते, पण त्याआधीचे निजेविना गेलेले महिने त्या कागदांत मावत नाहीत. २०१५ च्या प्रेरणा प्रकल्पात आशा कार्यकर्त्यांमार्फत शेतकऱ्यांच्या मनःस्थितीची विचारपूस सुरू झाली, ती या दृष्टीने वेगळी होय.

‘मिल्क इनसाइड अ बॅग ऑफ मिल्क इनसाइड अ बॅग ऑफ मिल्क’ (२०२०) या छोट्या खेळात दोषी शोधण्याचा खटाटोप जवळजवळ नाही. एक मुलगी दुकानातून दूध आणायला निघते आणि खेळाडू तिच्या डोक्यातला आवाज असतो; तो तिला धीर देऊ शकतो किंवा टोचून बोलू शकतो.