निस्टाड, क्लाउडिया

निस्टाड, क्लाउडिया : (१ फेब्रुवारी १९७८– ). जर्मनीची क्रॉस-कंट्री (बर्फाच्छादित चढउतारांच्या मार्गावरून स्कीवर अंतर कापण्याच्या शर्यतींतील) स्कीपटू. क्युन्त्सेल हे तिचे माहेरचे आडनाव असून नॉर्वेजियन स्की-प्रशिक्षक ट्रॉन्ड निस्टाड यांच्याशी विवाह झाल्यानंतर काही काळ ती क्युन्त्सेल-निस्टाड आणि पुढे निस्टाड या नावाने खेळली. त्यामुळे जुन्या निकालपत्रकांत ती तीन वेगवेगळ्या नावांनी आढळते. हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिने दोन सुवर्ण, तीन रौप्य व एक कांस्य अशी सहा पदके मिळवली, तर नॉर्डिक (क्रॉस-कंट्री, स्की-जंपिंग इ. प्रकारांच्या) जागतिक अजिंक्यपद स्पर्धांत एक सुवर्ण व चार रौप्य अशी पाच. या अकरा पदकांपैकी केवळ दोन वैयक्तिक शर्यतींतली आहेत आणि उरलेली नऊ रिले किंवा सांघिक स्प्रिंट या प्रकारांत सहकाऱ्यांबरोबर मिळवलेली आहेत. तिची कारकीर्द समजून घेताना हे प्रमाण ध्यानात ठेवावे लागते.

सॅक्सनीतील चोपाउ या गावी तिचा जन्म झाला. हे गाव क्रीडाजगतापेक्षा मोटारसायकलींच्या कारखान्यासाठी अधिक प्रसिद्ध आहे. तेव्हा हा प्रदेश पूर्व जर्मनीत मोडत होता आणि जर्मनीचे एकीकरण झाले त्या वेळी ती बारा वर्षांची होती. गावाच्या दक्षिणेला चेक सीमेपर्यंत पसरलेल्या एर्त्सगेबिर्ग पर्वतराजीत फिख्टेलबेर्ग शिखराच्या पायथ्याशी ओबरवीझेनटाल हे जर्मनीतील सर्वाधिक उंचीवर वसलेले शहर आहे. पूर्व जर्मनीच्या काळापासून ते नॉर्डिक क्रीडाप्रकारांचे मोठे केंद्र राहिले असून स्की-जंपिंगमधील ऑलिंपिक विजेता येन्स वाइसफ्लोग हाही तिथलाच. निस्टाड याच शहरातील क्लबकडून खेळत असे.

पूर्व जर्मनीच्या महिलांनी १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये रिले जिंकली होती आणि त्याच स्पर्धेत बार्बरा पेट्झोल्ड हिने १० किमी. शर्यतीचे सुवर्णही मिळवले होते. एकीकरणानंतर मात्र जर्मन महिलांना क्रॉस-कंट्रीमध्ये ऑलिंपिक सुवर्णासाठी २००२ पर्यंत थांबावे लागले. मधल्या काळात या खेळावर रशिया, नॉर्वे व इटली यांचे वर्चस्व होते.

क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये दोन शैली रूढ आहेत. पारंपरिक शैलीत बर्फात पाडलेल्या दोन समांतर खाचांतून स्की पुढेमागे सरकवल्या जातात आणि पाय मागे रेटताना स्की घसरू नये म्हणून तिच्या मधल्या भागाला पकड देणारे मेण लावले जाते. मुक्त शैलीत खाचा सोडून, स्कीची टोके बाहेरच्या बाजूला फाकवून, बर्फावर स्केटिंग केल्याप्रमाणे आळीपाळीने तिरपे रेटे दिले जातात. तिथे पकडीचे मेण लागत नाही व वेगही अधिक मिळतो. निस्टाडच्या काळातील महिलांच्या रिलेत प्रत्येकी ५ किमी.चे चार टप्पे असत, त्यांपैकी पहिले दोन पारंपरिक आणि शेवटचे दोन मुक्त शैलीत पार करायचे असत. निस्टाड मुक्त शैलीत सरस होती व शेवटच्या काही शे मीटरांत वेग वाढवण्याची तिची हातोटी होती. त्यामुळे रिलेत तिसरा किंवा चौथा टप्पा तिच्याकडे येणे स्वाभाविकच होते.

तिच्या दृष्टीने काळही अनुकूल ठरला. स्प्रिंट ही साधारण सव्वा ते दीड किमी.ची, बाद फेऱ्यांची शर्यत जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत २००१ साली व ऑलिंपिकमध्ये २००२ साली प्रथम घेण्यात आली. सांघिक स्प्रिंट हा प्रकार, ज्यात दोन खेळाडू आळीपाळीने प्रत्येकी तीन फेऱ्या मारतात, जागतिक स्पर्धेत २००५ साली आणि ऑलिंपिकमध्ये २००६ साली दाखल झाला. पंधरा वर्षे आधी जन्मली असती तर यांपैकी एकही शर्यत तिच्या वाट्याला आली नसती आणि तिला लांब पल्ल्याच्या शर्यतींवरच विसंबून राहावे लागले असते.

सॉल्ट लेक सिटी येथील ऑलिंपिकमध्ये २१ फेब्रुवारी २००२ रोजी सोल्जर हॉलो येथे झालेली रिले तिच्या कारकिर्दीतील पहिले मोठे यश होय. मानुएला हेंकेल, व्हिओला बाउअर, क्युन्त्सेल आणि एव्ही झाखेनबाखर या क्रमाने जर्मन खेळाडू धावल्या. शर्यतीच्या सकाळीच रशियाच्या लारिसा लाझुटिना हिच्या रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रमाण मर्यादेबाहेर आढळल्याने, बदली खेळाडू उतरवण्याइतका वेळ न उरलेल्या रशियन संघाला माघार घ्यावी लागली. पुढे लाझुटिनाच्या नमुन्यात डार्बेपोएटिन हे रक्तातील तांबड्या पेशी वाढवणारे प्रतिबंधित द्रव्यही सापडले. जर्मनीचे यश रशियाच्या अनुपस्थितीत आले हे खरे. पण समोर मारिट ब्योर्गेन, बेंटे स्कारी, हिल्डे पेडरसन आणि अनिता मोएन असा नॉर्वेचा भक्कम संघ होता, हेही विसरून चालणार नाही. अखेरच्या टप्प्यात झाखेनबाखरने मोएनला मागे टाकले तेव्हा दोन्ही संघांत दोन सेकंदांचेही अंतर नव्हते. स्वित्झर्लंडला कांस्यपदक मिळाले. पुढच्याच वर्षी इटलीतील व्हाल दि फिएम्मे येथे याच चौघींनी जागतिक रिलेचे सुवर्ण मिळवले आणि त्याच स्पर्धेत क्युन्त्सेलला मुक्त शैलीतील स्प्रिंटमध्ये ब्योर्गेनच्या मागोमाग रौप्यपदक मिळाले.

तूरिन ऑलिंपिकच्या क्रॉस-कंट्री शर्यती २००६ साली प्राजेलातो येथे झाल्या. तिथल्या रिलेत ती चौथ्या टप्प्यावर होती; जर्मनी रशियाच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर राहिला. काही दिवसांनी, २२ फेब्रुवारीला, वैयक्तिक स्प्रिंटच्या अंतिम फेरीत कॅनडाच्या चँड्रा क्रॉफर्डने सर्वांना चकित करून सुवर्ण मिळवले, क्युन्त्सेल दुसरी आली आणि रशियाची अल्योना सिद्को तिसरी. हे तिचे एकमेव वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

मोठ्या स्पर्धांत स्प्रिंट व सांघिक स्प्रिंट यांच्या शैली उलटसुलट ठेवण्याचा प्रघात आहे: एक मुक्त शैलीत असेल तर दुसरी पारंपरिक, आणि पुढच्या स्पर्धेत नेमके उलट. २००३ व २००६ साली वैयक्तिक स्प्रिंट मुक्त शैलीत होती व त्या दोन्ही वेळी तिला रौप्य मिळाले. २००७ साली साप्पोरो येथे आणि २०१० साली व्हँकूव्हर येथे सांघिक स्प्रिंट मुक्त शैलीत आली, तेव्हा तिची पदकेही सांघिक स्प्रिंटकडे सरकली. ही जुळणी अगदी काटेकोर नाही, कारण २००९ साली लिबेरेत्स येथे वैयक्तिक स्प्रिंट मुक्त शैलीत असूनही तिला पदक मिळाले नाही. तरी वेळापत्रकातील शैलीचा बदल तिच्या पदकतक्त्यात स्पष्ट उमटलेला दिसतो.

साप्पोरोत झाखेनबाखर-श्टेले (पूर्वीची एव्ही झाखेनबाखर) हिच्यासह खेळताना तिला फिनलंडच्या जोडीमागे रौप्य मिळाले, व रिलेतही जर्मनी फिनलंडच्याच मागे दुसरा आला. लिबेरेत्सला रिलेत पुन्हा फिनलंड पहिला व जर्मनी दुसरा. रौप्यपदकांची ही मालिका व्हँकूव्हर ऑलिंपिकमध्ये खंडित झाली. २२ फेब्रुवारी २०१० रोजी व्हिसलरनजीकच्या कॅलघन खोऱ्यात झालेल्या सांघिक स्प्रिंटमध्ये झाखेनबाखर-श्टेलेने सुरुवातीच्या आणि निस्टाडने अंतिम रेषेपर्यंतच्या फेऱ्या घेतल्या. शेवटच्या सरळ पट्ट्यात स्वीडनच्या अ‍ॅना हागला मागे टाकून निस्टाडने एका सेकंदापेक्षाही कमी फरकाने सुवर्ण मिळवले. रशियाला कांस्यपदक मिळाले. जर्मन जोडी संभाव्य विजेत्यांत फारशी गणली गेली नव्हती. हा विजय निस्टाडच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठा मानावा लागतो, कारण २००२ च्या रिलेत निर्णायक झुंज सहकाऱ्याच्या वाट्याला आली होती, इथे ती तिने स्वतः दिली. तीन दिवसांनी झालेल्या रिलेत कात्रिन त्सेलर, झाखेनबाखर-श्टेले व मिरियम ग्योस्नर यांच्यानंतर चौथ्या टप्प्यावर धावून तिने नॉर्वेमागोमाग रौप्यपदक आणले. ग्योस्नर त्या वेळी अवघी १९ वर्षांची होती व मुळात बायॅथलॉन (क्रॉस-कंट्री स्कीइंग व नेमबाजी यांचा एकत्रित प्रकार) हा तिचा खेळ होता.

व्हँकूव्हरनंतर निस्टाडने निवृत्ती पत्करली, परंतु काही हंगामांच्या खंडानंतर ती पुन्हा शर्यतींत उतरली व २०१४ च्या सोची ऑलिंपिकसाठी जर्मन संघात तिची निवड झाली. वयाच्या ३६ व्या वर्षी, १५ फेब्रुवारी २०१४ रोजी, निकोल फेसेल व श्टेफानी ब्योलर यांच्यानंतर तिने रिलेचा तिसरा टप्पा धावला आणि डेनिसे हेरमानकडे सूत्रे सोपवली. फिनलंड व जर्मनी आघाडीवर असताना स्वीडनची शार्लोट काला बऱ्याच मागून आली व अखेरच्या क्षणी दोघींनाही ओलांडून गेली. जर्मनीला कांस्य मिळाले. संभाव्य विजेता मानला गेलेला नॉर्वेचा संघ त्या दिवशी स्कींना मनासारखी घसरण न मिळाल्याने पाचवा आला, याचाही जर्मनीला लाभ झाला.

तिच्या सहकाऱ्यांपैकी काहींनी पुढे बंदूक हाती घेऊन बायॅथलॉनची वाट धरली. झाखेनबाखर-श्टेले २०१२ साली तिकडे वळली, तर हेरमान हिने २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये १५ किमी.ची वैयक्तिक बायॅथलॉन शर्यत जिंकली. निस्टाड मात्र क्रॉस-कंट्रीतच राहिली. व्हँकूव्हरनंतर जर्मनीला या खेळातील पुढचे ऑलिंपिक सुवर्ण बीजिंगमध्येच मिळाले आणि तेही सांघिक स्प्रिंटमध्ये, या वेळी पारंपरिक शैलीत. व्हिक्टोरिया कार्लबरोबर ते मिळवणारी काथारिना हेनिग हीदेखील ओबरवीझेनटालच्याच क्लबची खेळाडू आहे.