इंधनाच्या टाक्यांची सुरक्षा तपासणी: अर्ज कुठे अडतो आणि कोणता कागद आधी शोधावा

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने, रुग्णालये, गोदामे आणि पेट्रोल पंप यांच्या इंधनटाक्यांच्या परवान्याच्या फायली परत येतात, तेव्हा टाकी गळत असल्याचे कारण क्वचितच असते. बहुतेक वेळा टाकी ठणठणीत असते, चाचणीवर पैसेही खर्च झालेले असतात; परंतु प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या व्यक्तीला त्या कामाची मान्यता नसते, किंवा जोडलेला कागद मुळात वेगळ्याच कारणासाठी दिलेला असतो. अर्जदाराला हे आधी कोणी सांगत नाही आणि त्रुटीपत्रातील भाषा इतकी त्रोटक असते, की तीच चूक दुसऱ्यांदा होते.

परवाना कोणाला लागतो, हा पहिला गोंधळ. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ आणि पेट्रोलियम नियम, २००२ यांत इंधनाचे वर्ग फ्लॅश पॉइंटवरून, म्हणजे ज्या किमान तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते त्यावरून, ठरतात: २३ अंश सेल्सिअसच्या खाली ‘अ’ वर्ग, २३ ते ६५ अंशांपर्यंत ‘ब’ आणि ६५ ते ९३ अंशांपर्यंत ‘क’. पेट्रोल ‘अ’ वर्गात येते, डिझेल ‘ब’ वर्गात आणि बॉयलर किंवा भट्टीसाठीचे फर्नेस ऑइल ‘क’ वर्गात. डिझेलचा एकूण साठा २,५०० लिटरपेक्षा अधिक नसेल आणि कोणत्याही एका टाकीची क्षमता १,००० लिटरपेक्षा अधिक नसेल, तर परवाना लागत नाही. ‘क’ वर्गासाठी ही मर्यादा ४५,००० लिटर आहे, परंतु साठवणुकीचे नियम तेथेही पाळावेच लागतात.

इमारतींच्या जनरेटरसाठी ९९० लिटरची टाकी बसवण्याची पद्धत याच सवलतीतून आली. अडचण अशी, की मर्यादा केवळ एका टाकीपुरती नसून एका जागेवरील एकूण साठ्याचीही आहे. ९९० लिटरच्या दोन टाक्यांचे १,९८० लिटर होतात आणि ते चालते. तिसरी टाकी बसवताच बेरीज २,९७० लिटर होते आणि परवाना आवश्यक ठरतो. कोपऱ्यात ठेवलेले २०० लिटरचे बॅरलही याच बेरजेत धरले जाते. वीज वारंवार जाते म्हणून तिसरा जनरेटर घेणाऱ्या संस्थांनी ही बेरीज टाकी मागवण्यापूर्वी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

परवाना लागत असेल तर क्रम असा आहे: नियम १३१ नुसार जागेच्या व टाकीच्या नकाशांना पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेची, म्हणजे ‘पेसो’ची, पूर्वमंजुरी, नियम १४४ नुसार जिल्हा प्राधिकाऱ्याचे ना-हरकत प्रमाणपत्र, मग बांधकाम, त्यानंतर टाकीची चाचणी आणि सुरक्षा प्रमाणपत्र, आणि शेवटी परवाना. पंपासाठी परवाना नमुना १४ मध्ये मिळतो, मोठ्या साठवणूक केंद्रासाठी नमुना १५ मध्ये. पेसोचे मुख्यालय नागपूरला असले, तरी आपल्या भागाचे काम सीबीडी बेलापूर येथील कार्यालयातून चालते आणि अर्ज ऑनलाइन भरावा लागतो.

ना-हरकत प्रमाणपत्राच्या बाबतीत अनेकांचे कित्येक आठवडे वाया जातात. ‘जिल्हा प्राधिकारी’ म्हटले की लोक थेट जिल्हाधिकारी कार्यालय गाठतात. नियमांतील व्याख्येनुसार मात्र, जेथे पोलीस आयुक्त आहेत तेथे पोलीस आयुक्त किंवा उपायुक्त हेच जिल्हा प्राधिकारी असतात. इतर ठिकाणी जिल्हा दंडाधिकारी. म्हणून महापे, रबाळे, तुर्भे येथील अर्ज नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात जातो आणि वागळे इस्टेट, भिवंडी, डोंबिवली येथील ठाणे पोलीस आयुक्तालयात; मुरबाड किंवा शहापूर ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत असल्यामुळे तेथील अर्जदाराला जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जावे लागते. तळोज्याचे लोक तर हमखास चुकतात, कारण तळोजे महसुलाच्या दृष्टीने रायगड जिल्ह्यात आहे, पण पोलिसांच्या दृष्टीने नवी मुंबई आयुक्तालयात. चौकशी पूर्ण करून निर्णय देण्यासाठी नियमात अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांची मर्यादा आहे. ही मर्यादा कार्यालयावर बंधनकारक आहे, अर्जदारावर केलेले उपकार नव्हेत. तेव्हा अर्ज पोहोचल्याची तारीखवार पोच घ्यावी आणि मुदत उलटल्यास तिचा हवाला देऊन लेखी विचारणा करावी.

आता तपासणीकडे वळू. येथे दोन स्वतंत्र प्रमाणपत्रे लागतात आणि एकाच्या जागी दुसरे चालत नाही. नियम १२६ खालील प्रमाणपत्र टाकीच्या चाचणीचे असते: टाकी बसवल्यानंतर, पुन्हा बसवल्यानंतर किंवा मोठ्या दुरुस्तीनंतर, वापरात आणण्यापूर्वी तिची पाण्याच्या दाबाने चाचणी घ्यावी लागते. नियम १३० खालील सुरक्षा प्रमाणपत्र संपूर्ण जागेविषयी असते, म्हणजे काम मंजूर नकाशाप्रमाणे व नियमांप्रमाणे झाले आहे, असे त्यात नमूद केलेले असते. एका भूखंडावरून दुसऱ्या भूखंडावर हलवलेल्या टाकीला जुने चाचणी प्रमाणपत्र जोडणाऱ्यांनी ‘पुन्हा बसवल्यानंतर’ हे शब्द नीट वाचावेत.

दोन्ही प्रमाणपत्रांवर सही ‘सक्षम व्यक्ती’ची लागते आणि सर्वाधिक फायली याच शब्दावर अडतात. कारखान्यांच्या सुरक्षेच्या कायद्याखालीही सक्षम व्यक्ती असते. तिला औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची मान्यता असते आणि ती लिफ्ट, क्रेन, प्रेशर व्हेसल (दाबाखालील बंद भांडी) तपासते. कारखान्यात वर्षानुवर्षे येणाऱ्या त्याच अभियंत्याकडून इंधनटाकीचेही प्रमाणपत्र घेतले जाते आणि ते नाकारले जाते, कारण पेट्रोलियम नियमांखाली पेसोच्या मुख्य नियंत्रकांची मान्यता वेगळी घ्यावी लागते. म्हणून काम देण्यापूर्वीच मान्यतापत्राची प्रत मागावी, त्यात कोणत्या कामाची मान्यता आहे ते पाहावे आणि सहीच्या दिवशी ती मुदतीत असेल याची खात्री करावी. प्रत मागितल्याने कोणाचा अपमान होत नाही.

आणखी दोन कागद चुकून जोडले जातात. वैध मापन विभागाचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र टाकीत किती लिटर मावतात ते सांगते. त्याची फेरपडताळणी ६० महिन्यांनी होते, पण टाकीच्या मजबुतीबद्दल ते काहीही सांगत नाही. तसेच महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली जानेवारी आणि जुलैमध्ये दिले जाणारे नमुना ‘ब’ प्रमाणपत्र अग्निशमन यंत्रणेचे असते, टाकीचे नव्हे. दोन्ही जपून ठेवावेत, पण चाचणी प्रमाणपत्राच्या जागी देऊ नयेत.

जो कागद जवळजवळ कोणाकडेच सापडत नाही, तो म्हणजे पेसोच्या शिक्क्याचा मंजूर नकाशा. कारखाना विकला जातो, व्यवस्थापक बदलतात, नकाशा जुन्या मालकाच्या कपाटात राहतो. सक्षम व्यक्ती मात्र प्रत्यक्ष जागा याच नकाशाशी ताडून पाहते. दरम्यान टाकीभोवतीच्या मोकळ्या अंतरात एखादी पत्र्याची शेड, सुरक्षारक्षकाची चौकी किंवा पॅनेल रूम उभी राहिलेली असते आणि सुरक्षा प्रमाणपत्र अडते. म्हणून तपासणीची तारीख ठरवण्याआधी नकाशा शोधावा, तो हातात घेऊन टाकीभोवती फिरावे आणि अंतरे टेपने मोजावीत. बदल कायम ठेवायचा असेल तर सुधारित नकाशाला आधी मंजुरी घ्यावी. जागा विकत घेणाऱ्यांनी खरेदीच्या वेळीच नकाशा आणि मूळ परवाना मागून घ्यावा.

चाचणीच्या दिवसाबद्दल एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगतो. टाकी रिकामी झाली म्हणजे ती सुरक्षित झाली, असे नाही. तळाशी उरलेल्या थोड्या इंधनाची वाफ स्फोटासाठी पुरेशी असते आणि आत प्राणवायू कमी असल्यास माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. टाकी वायुमुक्त असल्याचे, म्हणजे आत ज्वलनशील वाफ उरली नसल्याचे, प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय कोणालाही मॅनहोलमधून आत उतरवू नये आणि वेल्डिंग तर मुळीच करू नये. तपासणी लवकर उरकण्याच्या घाईत कंत्राटी सफाई कामगाराला तोंडावर रुमाल बांधून आत पाठवले जाते, आणि ते पाहणाऱ्याने तेथल्या तेथे काम थांबवले पाहिजे. चाचणीचे पाणी तेलविरहित असावे लागते, आणि चाचणीनंतरचे तेलकट पाणी पावसाळी गटारात सोडता येत नाही, कारण ही गटारे अखेर खाडीला मिळतात.

अर्थिंगचा, म्हणजे टाकी विजेच्या दृष्टीने जमिनीशी जोडलेली असल्याचा, अहवालही तयार ठेवावा. जमिनीशी असलेला विद्युत रोध ७ ओहमपेक्षा अधिक नसावा आणि ही तपासणी वर्षातून किमान एकदा व्हावी लागते. खाडीलगतच्या खाऱ्या हवेत जोडांवर गंज लवकर चढतो, त्यामुळे मोजणीआधी जोड घासून घट्ट करून घ्यावेत.

नूतनीकरणाची तारीखही अनेक जण चुकीची धरतात. परवाना दिल्याच्या दिवसापासून वर्षे मोजली जात नाहीत. त्यावर लिहिलेल्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला तो संपतो. अर्ज त्याच्या किमान ३० दिवस आधी पोहोचावा लागतो, म्हणजे नोव्हेंबर संपण्यापूर्वी. दिवाळीच्या सुट्ट्या याच काळाच्या तोंडावर येतात, म्हणून सक्षम व्यक्तीची वेळ सप्टेंबरमध्येच ठरवून ठेवावी.